एरर आला नाही, एवढंच

डिटा ओपन टूलकिटच्या झिप फाइलमध्ये नमुन्यादाखल एक छोटी पुस्तिका येते. विषय गॅरेज. गाडी धुणं, इंजिन ऑइल बदलणं, कचरा बाहेर ठेवणं, दारापुढचा बर्फ फावड्यानं उपसणं अशी कामं आणि त्यांना लागणाऱ्या अवजारांची माहिती. टूलकिट बसवलं की आधी हीच पुस्तिका पीडीएफ किंवा एचटीएमएलमध्ये काढून बघायची, अशी रीत आहे. जगभरच्या तांत्रिक लेखकांनी बर्फ उपसण्याची ती पानं किती वेळा काढून पाहिली असतील, देव जाणे. मी ती ऐन मे महिन्यात, पंखा पाचवर ठेवून वाचली. पुस्तिका नीटनेटकी आहे, आणि तिची अडचणही तीच. टूलकिट बनवणाऱ्यांनी ती स्वतःच लिहिली, स्वतःच हजारदा चालवली. ती निघाली म्हणजे जावा जागेवर आहे, इतकंच सिद्ध होतं.

मला काढायच्या होत्या फवारणी पंपांच्या पुस्तिका. नाशिककडचा एक कारखाना पाठीवरचे फवारणी पंप बनवतो. काही बॅटरीवर चालणारे, काही पेट्रोलवर, शिवाय हातानं दांडा मारायचे जुने आहेतच. प्रत्येकाची पुस्तिका इंग्रजी, हिंदी आणि मराठीत. सगळ्या वर्डमध्ये, आणि सगळ्या एकमेकींवरून कॉपी-पेस्ट करत वाढलेल्या. त्यामुळे ‘वाऱ्याच्या दिशेला तोंड करून फवारणी करू नका’ ही एकच सूचना एका पुस्तिकेत ठळक चौकटीत, दुसरीत तळटिपेत, तिसरीत अर्धवट, आणि एका मराठी पुस्तिकेत उलट अर्थाची झालेली. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हापासून या धंद्यातल्या माणसांना सूचनांची चौकट ही शोभेची गोष्ट वाटेनाशी झाली आहे. कारखान्याचं म्हणणं साधं होतं: सूचना एकदाच लिहायची, एकाच जागी ठेवायची, आणि सगळ्या पुस्तिकांत तीच यायला हवी.

डिटा याच गरजेतून जन्मलं. आयबीएमला आपल्या सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकांचा डोंगर आवरायचा होता. २००१ च्या सुमारास त्यांनी मजकुराचे छोटे, स्वतंत्र तुकडे करून ते एक्सएमएलमध्ये लिहायची पद्धत बसवली, आणि एका प्रकारच्या तुकड्यातून दुसरा प्रकार उत्क्रांत होतो म्हणून नावात चक्क डार्विनला घेतलं. २००५ मध्ये ओॲसिस या मानक ठरवणाऱ्या संस्थेनं ती पद्धत मानक म्हणून स्वीकारली. त्या तुकड्यांचं पुस्तक, वेबपान किंवा आणखी काही करून देणारं, कुणालाही फुकट वापरता येणारं साधन म्हणजे हे ओपन टूलकिट. त्याला खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची: कुठली फाइल घ्यायची, कुठल्या रूपात काढायची. एंटर मारायचं आणि वाट बघायची.

कारखान्यात आयटी बघणारा एक चुणचुणीत मुलगा आहे. त्याच्या विंडोज मशीनवर बसवायचं ठरलं, कारण पुढे रोज तेच चालवणार होते. झिप उलगडली, पाथमध्ये फोल्डर घातलं, कमांड मारली, आणि जावानं रागावून उत्तर दिलं की ही फाइल ६१ आवृत्तीसाठी बनवली आहे, मला ५२ पर्यंतच ओळखता येतं. हे आकडे पाठ असलेले बरे. ५२ म्हणजे जावा ८, ६१ म्हणजे जावा १७. टूलकिटच्या चौथ्या पिढीला जावा १७ लागतं. त्या मशीनवर जावा ८ होतं, आणि ते हलवायची सोय नव्हती, कारण अकाउंट्सचं सॉफ्टवेअर त्याच्यावर उभं होतं. मुलाचा हात जुनं जावा काढून टाकायच्या बटणाकडे गेला होता.

“थांब. महिनाअखेर आहे. पगार अडकले तर तू आणि मी दोघेही बाहेर.”

“मग काय करायचं ताई?”

नवं जावा वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलं आणि चार ओळींची एक बॅच फाइल लिहिली. ती चालवली की तेवढ्या खिडकीपुरतं जावा-होम नव्याकडे वळतं, बाकी मशीनला पत्ताही लागत नाही. टूलकिट सी ड्राइव्हवर सरळ, नावात जागा न सोडता ठेवलं. ‘फवारणी पंप नवीन’ असं मराठी नाव दिलेल्या फोल्डरातूनही एकदा मुद्दाम चालवून बघितलं. लॉगमध्ये त्या नावाच्या जागी टक्क्यांची चिन्हं आणि आकडे यांची रांगच्या रांग दिसायला लागली. कुठल्या फाइलबद्दल तक्रार आहे ते वाचायलाच एक माणूस बसवावा लागला असता. फाइलींची नावं इंग्रजी लिपीत, छोटी, मध्ये आडवी रेघ, हा नियम तिथेच झाला.

मग ती गॅरेजची पुस्तिका काढली. कर्सर थोडा वेळ लुकलुकला आणि खाली पुन्हा रिकामी ओळ आली. शाब्बास नाही, झालं नाही, काहीच नाही.

“झालं बहुतेक,” मुलगा म्हणाला. “एरर आला नाही.”

त्याचं चूक नव्हतं. युनिक्सच्या घराण्यातल्या साधनांची ही जुनी रीतच आहे. काम नीट झालं तर बोलायचं नाही. टूलकिटही तेच पाळतं. सविस्तर बोलायला हवं असेल तर तसं सांगावं लागतं. माझ्या मते मात्र या गप्प बसण्यातच सगळी मेख आहे. साधन गप्प बसतं ते त्याच्या दृष्टीनं सगळं ठीक असताना, आणि त्याची दृष्टी फार जवळची आहे. फाइल सापडली का, एक्सएमएल नियमात बसतं का, पानं पडली का, इतकंच त्याला दिसतं. पानावर काय पडलं हे त्याला कळत नाही.

म्हणून मी चाचणीसाठी एक वाईट पुस्तिका लिहिते. प्रत्येक नव्या बसवणीला हेच करते. तिला विषय नसतो, फक्त अडचणी असतात. पानाच्या शेवटी तुटणारा तक्ता, तक्त्यात यादी, यादीत चित्र, चित्राखाली लांबलचक ओळ. न मोडणारा अकरा अक्षरी सुट्या भागाचा क्रमांक अरुंद रकान्यात. एक चित्र मुद्दाम नसलेलं. एक दुवा मुद्दाम चुकलेला. एकच धोक्याची सूचना दहा ठिकाणी ओढून घेतलेली आणि त्यातल्या एका ठिकाणी तिच्या ओळखनावाचं एक अक्षर चुकवलेलं.

या शेवटच्या चुकीसाठीच खरं तर सगळा खटाटोप असतो. डिटामध्ये दुसऱ्या फाइलमधला मजकूर ओढून घ्यायची सोय आहे. मूळ सूचना एका जागी, बाकी सगळीकडे तिचा फक्त पत्ता. पत्ता चुकला तर? टूलकिट लॉगमध्ये एक ओळ लिहितं. तिच्या सुरुवातीला एक सांकेतिक क्रमांक आणि क्रमांकाच्या शेवटी एक अक्षर असतं. आय म्हणजे नुसती माहिती, डब्ल्यू म्हणजे इशारा, ई म्हणजे चूक, एफ म्हणजे आता पुढे जाणं शक्य नाही. न सापडलेल्या मजकुराला ई मिळतो. पण ई मिळाला तरी काम थांबत नाही. पीडीएफ निघते, मुखपृष्ठ छान दिसतं, अनुक्रमणिका बरोबर असते, आणि पान सातवर हातमोज्यांची सूचना नसते. जागा रिकामी सोडलेली दिसावी, तर तेही नाही. वरचा परिच्छेद आणि खालचा परिच्छेद एकमेकांना चिकटून बसतात. तिथे काही होतं याची वाचणाऱ्याला शंकासुद्धा येत नाही.

त्याहून वाईट म्हणजे उत्पादनाचं नाव. आम्ही मॉडेलचं नाव प्रत्येक ठिकाणी न लिहिता एक किल्ली ठेवली होती. नकाशाच्या फाइलमध्ये, म्हणजे पुस्तिकेत कुठले तुकडे कुठल्या क्रमानं घ्यायचे ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, नाव बदललं की पुस्तिकाभर बदलतं. ती किल्ली सापडली नाही तर टूलकिटच्या लेखी ती फक्त ‘माहिती’, म्हणजे आय. सविस्तर बोलायला सांगितलं नसेल तर टूलकिट ती सांगतच नाही. वाक्य उरतं ते असं: ‘टाकी भरण्यापूर्वी बंद असल्याची खात्री करा.’ काय बंद असल्याची?

टूलकिटला कडक वागायला सांगता येतं. प्रक्रियेचा एक पर्याय आहे, तो मूळचा सैल असतो. तो ‘स्ट्रिक्ट’ केला की पहिल्या चुकीला काम थांबतं. मी तो बॅच फाइलमध्ये घालून टाकला. मुलगा पुढे बरेच दिवस कुरकुरत होता की आधी पीडीएफ तरी निघायची, आता काहीच निघत नाही. मला तेच हवं होतं.

जुना वर्डमधला मजकूर आत आणण्याची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती कंटाळवाणी आहे आणि कुठल्याही संपादकाला ओळखीची आहे. वर्डमधून पॅनडॉकनं मार्कडाउन, म्हणजे साध्या खुणांनी मांडलेला मजकूर, काढायचं, ते टूलकिटला खायला घालायचं आणि त्याच्याकडून डिटा काढून घ्यायचं. टूलकिट तिसऱ्या पिढीपासून मार्कडाउन वाचतं. पॅनडॉक ही खरी गमतीची गोष्ट: जॉन मॅकफार्लेन हे बर्कलीचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, त्यांनी २००६ मध्ये ते हॅस्केल भाषेत लिहायला घेतलं आणि आज निम्म्या जगाची कागदपत्रं त्यातून इकडची तिकडे होतात. तर्कशास्त्र शिकवणारा माणूस कंस जुळवण्यात मुरलेला असणार, यात नवल नाही. काही मराठी पुस्तिका युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये होत्या. त्यातला मजकूर पॅनडॉककडून बाहेर आला तो इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. त्या आम्ही सरळ पुन्हा टाइप करून घेतल्या. तीन वेगवेगळ्या ठिकाणी, तीन वेगवेगळ्या माणसांकडून. हे लक्षात ठेवा.

इंग्रजी पीडीएफ निघाली, हिंदी-मराठीची वेळ आली. एचटीएमएल उत्तम निघालं. पानाला भाषा मराठी आहे असं सांगितल्यामुळे ब्राउझरनं फॉन्टमधली मराठी वळणंसुद्धा उचलली, म्हणजे पाकळीचा ल आणि देठाचा श. महाराष्ट्र शासनानं २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात हीच रूपं धरली आहेत. शेंडीफोड्या श बघून ज्यांच्या कपाळाला आठी पडते अशा वाचकांपैकी मी एक असल्यानं मला फार बरं वाटलं. मग पीडीएफ उघडली.

# # # # # # # # # #

पान भरून. शीर्षकं ठळक हॅश, परिच्छेद साधे हॅश, तक्त्यात मध्यभागी ठेवलेले हॅश. मुलगा हसत सुटला. टूलकिट पीडीएफसाठी अपाची एफओपी नावाचं इंजिन वापरतं, आणि त्याला हातातल्या फॉन्टमध्ये अक्षर सापडलं नाही की ते त्या जागी हॅश ठेवतं. मूळच्या मांडणीत हेल्व्हेटिका आणि टाइम्सची घराणी, त्यांच्याकडे देवनागरी कुठून असणार? उपाय अवघड नाही. एका फाइलमध्ये ‘सॅन्स’ म्हणजे कुठला फॉन्ट हे भाषेनुसार लिहायचं, दुसरीत मशीनवरचे फॉन्ट शोध असं इंजिनाला सांगायचं. मात्र टूलकिटच्या मूळ फाइलींना हात न लावता हे सगळं आपल्या स्वतःच्या प्लगइनमध्ये ठेवायचं, नाहीतर पुढची आवृत्ती बसवली की सगळं धुऊन जातं. आम्ही नोटो सॅन्स देवनागरी घेतला. हॅश गेले, मराठी आली. मुलानं फोनवर फोटो काढून मालकांना पाठवलासुद्धा.

हॅश हा खरं म्हणजे फार सभ्य दोष आहे. लांबून दिसतो, कुणालाही कळतो. त्यानंतरचे दोष सभ्य नव्हते, आणि ते सापडले काकांमुळे.

काका म्हणजे माझ्याकडे येणाऱ्या मराठी मजकुराची प्रूफं बघणारे गृहस्थ. खिळ्यांच्या छापखान्यात उमेदवारी केलेली, पुढे ऑफसेट पाहिलं, डीटीपी पाहिलं. पडद्यावर वाचत नाहीत. कागद लागतो, त्यावर पट्टी ठेवून एकेक ओळ उघडी करत खाली सरकतात. शक्य असेल तर समोर कुणीतरी मूळ प्रत मोठ्यानं वाचायला बसावं असा आग्रह. मीच बसले. मी वाचायची, त्यांनी बघायचं. फवारणी पंपाची पुस्तिका मोठ्यानं वाचणं हा काही आनंदाचा भाग नाही, पण आमची लय जमली होती. ‘टाकीचे झाकण घट्ट लावा. दुसऱ्या हाताने पट्टा…’

“थांब,” काका म्हणाले. “हा ‘दुसर्या’ कुठल्या गावचा गं?”

मी पडद्यावर मूळ फाइल उघडली. तिथे ‘दुसऱ्या’ बरोबर दिसत होतं. कागदावर मात्र य च्या डोक्यावर रफार चढलेला. दोन पानं पुढे तोच शब्द नीट, य च्या आधी आडवी वळलेली रेघ घेऊन. आणखी पुढे ‘वाऱ्याच्या’ मध्ये र वेगळा, खाली हलंत आणि शेजारी या. एकाच पुस्तिकेत, एकाच फॉन्टमध्ये, एकाच टूलकिटमधून तीन तऱ्हा.

“फॉन्ट बदलून बघ,” काका म्हणाले. बदलला. तऱ्हा बदलल्या, संपल्या नाहीत.

मग मी ते शब्द अक्षर-अक्षर सोडवून बघितले, युनिकोडचे आकडे काढून. आडव्या रेघेचा तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्त्याचा ऱ, हलंत आणि य. दोन, साधा र, हलंत, मग एक न दिसणारं जोडचिन्ह ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात, आणि मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, कारण ब्राउझर आणि वर्ड दोन्ही रीती ओळखतात. इनस्क्रिप्टच्या कळफलकावर बसलेला माणूस पहिली रीत लिहितो. उच्चाराप्रमाणे इंग्रजीत टाइप करून मराठी काढणारी काही साधनं दुसरी देतात. आणि कुणी मजकूर एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात चिकटवताना ते न दिसणारं चिन्ह वाटेत गळून पडलं, तर उरतो सरळ र्य, म्हणजे सूर्यातला. आमच्या तीन टाइप करणाऱ्यांनी तीन प्रकार दिले होते. आणि एफओपीच्या माहितीतच नोंद आहे की देवनागरीचा त्याचा आधार अर्धवट आहे, आणि अडचण आहे ती नेमकी या न दिसणाऱ्या जोडणाऱ्या-तोडणाऱ्या चिन्हांची. हिंदीवाल्यांना याची झळ फारशी लागत नाही. मराठीत ‘शेतकऱ्याने’ लिहिल्याशिवाय शेतीच्या पुस्तिकेचं एक पान पुढे सरकत नाही.

काकांना हे सगळं सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढला. “म्हणजे तुमच्याकडे खिळा एकच, पण खोकी दोन. आणि रिकाम्या खोक्यातला खिळासुद्धा जुळारी उचलू शकतो.”

याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

त्याच सोडवणीत आणखी एक जोडी सापडली. ‘ॲसिड’मधला ॲ. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं ते २००८ मध्ये. त्याआधीच्या सवयीनं लिहिणारे अ लिहून त्यावर चंद्र देतात. दिसायला एकच, शोधायला दोन. पुस्तिकेत ‘ॲसिड’ शोधलं तर निम्मेच सापडायचे. शोधण्यावरून आठवलं: निघालेल्या पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधून बघणं हीसुद्धा चाचणी आहे आणि ती बहुतेक कुणी करत नाही. पडद्यावर सुरेख दिसणाऱ्या मराठी पीडीएफमधून एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवून बघा. वेलांट्या कुठल्या कुठे गेलेल्या असतात.

उपाय दोन पातळ्यांवर केला. टूलकिटकडे मजकूर जाण्याआधी एक छोटी स्क्रिप्ट सगळ्या मराठी फाइलींतून फिरते आणि जोडचिन्हाचा र नुक्त्याच्या ऱ मध्ये बदलते, चंद्राचा अ एका ॲ मध्ये. साध्या र्य चं मात्र मशीनला सांगता येत नाही. ‘कार्य’, ‘धैर्य’, ‘पर्याय’ तसेच राहायला हवेत आणि ‘दुसर्या’ बदलायला हवा. तिथे स्क्रिप्ट फक्त यादी काढून देते आणि काका पट्टी ठेवून खुणा करतात. सगळ्या चाचण्या मशीनवर टाकता आल्या पाहिजेत असं आमच्या धंद्यातले तरुण मोठ्या हौसेनं म्हणतात. त्यांना मी ही यादी दाखवते.

लेबलांचं प्रकरण सोपं होतं, पण लाजिरवाणं झालं असतं. ‘टीप’, ‘धोका’, ‘आकृती’, ‘तक्ता’ असे शब्द लेखक लिहीत नाही, टूलकिट स्वतः घालतं आणि त्यासाठी भाषेभाषेच्या शब्दांची फाइल ठेवतं. आम्ही घेतलेल्या आवृत्तीत हिंदीची होती, मराठीची नव्हती. अशा वेळी ते इंग्रजीवर येतं आणि लॉगमध्ये एक डब्ल्यू लिहितं की अमुक शब्द या भाषेत मिळाला नाही, इंग्रजी वापरला. इशारा, चूक नव्हे, म्हणून कडक वागणूकही त्याला थांबवत नाही. संपूर्ण मराठी पानावर लाल चौकट आणि वर इंग्रजीत ‘डेंजर’, तेही रोमन लिपीत. ज्या माणसासाठी ही चौकट आहे त्याला बाकी सगळं वाचता येईल आणि नेमका तोच शब्द येणार नाही. आम्ही आमच्या प्लगइनमध्ये मराठी शब्दांची फाइल घातली आणि लॉगमधला प्रत्येक डब्ल्यू वाचायचा नियम केला. कंटाळा येतो. तरी वाचायचा.

गाळणीचीही चाचणी केली. एकाच मजकुरावर बॅटरी आणि पेट्रोल अशा खुणा करायच्या, आणि पुस्तिका काढताना नको ते गाळायचं. टूलकिटचा स्वभाव असा की वगळा म्हणून सांगितलं नाही ते सगळं ठेवायचं. खुणेत कुणी बॅटरीचं स्पेलिंग चुकवलं तर ते वाक्य गाळलं जात नाही, पेट्रोलच्या पुस्तिकेतही दिमाखात बसतं: ‘चार्जरचा हिरवा दिवा लागेपर्यंत थांबा.’ यावर सोपा इलाज म्हणजे पेट्रोलच्या एचटीएमएलमध्ये ‘चार्जर’ आणि बॅटरीच्या एचटीएमएलमध्ये ‘पेट्रोल’ शोधणं. हे काम मुलानं आपणहून अंगावर घेतलं. बॅच फाइलच्या शेवटी त्यानं अशा निषिद्ध शब्दांची यादीच जोडली, आणि सापडला की खिडकी लाल होते. आता तो ‘एरर आला नाही’ म्हणत नाही. ‘ताई, लाल नाही झालं, पण तुम्ही बघून घ्या’ म्हणतो.

एफओपीच्या मराठीवर मात्र माझं समाधान होत नव्हतं. स्क्रिप्टनं बहुतेक शब्द सुधारले, तरी दर नव्या मजकुरात एखादं जोडाक्षर नवा डाव टाकायचं. शेवटी मराठीपुरता रस्ताच बदलला. टूलकिटकडून एचटीएमएल काढायचं, ते उत्तमच निघतं, आणि त्याची पीडीएफ वीझीप्रिंट नावाच्या साधनाकडून करून घ्यायची. वीझीप्रिंट अक्षरं जुळवायला पँगो आणि हार्फबझ वापरतं आणि त्यांना देवनागरीची नस माहीत आहे. ब्राउझरमधूनही पीडीएफ काढता आली असती, पण ब्राउझर अनुक्रमणिकेत पानांचे क्रमांक भरून देत नाही, आणि छापील पुस्तिकेत ते हवेतच. सीएसएसमध्ये एक ओळ टाकली आणि कृतीच्या पायऱ्यांचे आकडेही १, २, ३ असे देवनागरी झाले. इंग्रजी पुस्तिका अजून जुन्याच वाटेनं जाते. दोन वाटा सांभाळायच्या म्हणजे दोन चाचण्या, हा खर्च आहे आणि तो मालकांना आधी सांगितला होता. काकांनी नवी प्रत पट्टीखालून काढली, मी मोठ्यानं वाचली. ‘दुसऱ्या’ सगळीकडे एकाच गावचा निघाला. त्यांनी मग समासाच्या रुंदीबद्दल तक्रार केली, जी रास्त होती.

गावोगाव फिरणारे सर्व्हिसचे लोक आता म्हणतात, पुस्तिका वाचतंय कोण, व्हिडिओ करा. करणार आहोत. निवेदनाचा मजकूर वेगळा लिहायचा नाही, त्याच फाइलींतून यायला हवा, एवढीच माझी अट. टूलकिट मार्कडाउनमध्येही मजकूर देतं, तो काढून बघितला. सूचना आल्या, पायऱ्या आल्या, क्रम बरोबर आला. अडला तो औषध आणि पाण्याच्या प्रमाणाचा तक्ता. त्यात टाकीच्या आकारासाठी दोन-दोन ओळी जोडून केलेल्या चौकटी आहेत, आणि मार्कडाउनच्या साध्या तक्त्याला जोडलेल्या चौकटी ठाऊकच नाहीत. तसंही, तक्ता कुणाला मोठ्यानं वाचून दाखवता येत नाही. सध्या मी तो वाक्यांत उलगडून लिहिते आहे. सोळा लिटरच्या टाकीचा भाग झाला, वीसचा बाकी आहे.